तीनशे फूट वायरीच्या टोकाशी

मी एक माइक आहे, आणि सुरुवातीलाच एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते. माझ्यातून बोलले जाते, म्हणून लोक मला बोलका समजतात. प्रत्यक्षात गेली चोवीस वर्षे मी केवळ ऐकत आलो आहे. आज प्रथमच स्वतःविषयी काही सांगतो आहे, तेव्हा शब्द जपून वापरण्याचा प्रयत्न करीन. मला डोळे नाहीत. त्यामुळे जे ऐकले तेवढेच सांगेन. कोणाच्या चेहऱ्यावरचे भाव सांगण्याचा अधिकार मला नाही.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला असावा. माझ्या खोक्यावर तसे छापले होते आणि शमशेरचाचांनी ते दुकानात मोठ्याने वाचले होते, एवढाच त्याचा पुरावा. शमशेरचाचांचा श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टी गावात मंडप आणि स्पीकर भाड्याने देण्याचा व्यवसाय. त्यांनी मला नगरहून विकत आणले. वायर जोडल्यावर मी ऐकलेला पहिला आवाज त्यांच्या श्वासाचा होता. "फू, फू. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग."

पुढे मला समजले की ही माणसांची रीतच आहे. दोनदा फुंकल्याशिवाय आणि एकदा बोटाने टकटक केल्याशिवाय पुरुषांचा माझ्यावर विश्वास बसत नाही. बायका सहसा फुंकर मारत नाहीत. त्या शेजारच्याला हळूच विचारतात, "चालू हाय का?" आणि ते हळूच विचारणे सगळ्या मांडवाला ऐकू जाते.

मी लग्ने ऐकली, बारशी ऐकली, ग्रामसभेतली भांडणे ऐकली. आठवडे बाजारात हरवलेल्या मुलांची नावे पुकारली. एकदा शमशेरचाचांनी माझ्यातून सांगितले होते, "तांबड्या फ्रॉकातल्या मुलीच्या आईनं घाबरू नये. मुलगी हितं भेळ खातीय. भेळ संपायच्या आत यावं." त्या बाजारातले बैलांचे व्यापारी दिवसभर घसा फोडून बोलत; पण त्यांच्यापैकी कोणाच्या हातात मला दिले की तोच माणूस एकदम "उपस्थित बंधू आणि भगिनींनो" म्हणू लागे. माझ्यासमोर आले की माणसाचा आवाज त्याचा स्वतःचा राहत नाही, असे माझे निरीक्षण आहे. अपवाद मी फार थोडे ऐकले.

एका लग्नात मंगलाष्टके म्हणताना नवरीच्या मामांच्या हातून मी पडलो. माझी जाळी चेपली. चाचांनी चमच्याच्या दांड्याने ती आतून उचलली. एक पोचा राहिलाच, पण त्या मामांना चाचा एका शब्दानेही बोलले नाहीत. मी ज्यांचा ऋणी आहे अशा माणसांची नावे घ्यायची झाली, तर पहिले नाव त्यांचे.

नंतर बिनवायरीचे माइक आले, डीजे आले, आणि मी पत्र्याच्या पेटीत गेलो. तिथे अकरा वर्षे होतो. याबद्दल माझी तक्रार नाही. वर्षातून एकदा, ईदच्या आधीच्या साफसफाईत, चाचा पेटी उघडत, मला मऊ फडक्याने पुसत आणि "अभी चलेगा ये" असे म्हणून परत ठेवत. ज्याच्याविषयी दर वर्षी असे म्हटले जाते, तो टाकून दिलेला नसतो.

पेटीतून मला बाहेर काढले ते चाचांच्या मुलाने, कैफने. कैफ ड्रम वाजवतो. त्याचा एक रॉक बँड आहे, 'कोरडवाहू' नावाचा. बँडमध्ये तिघेच. गिटार वाजवणारा हर्षल नगरजवळच्या केडगावचा, एमआयडीसीत नोकरी करणारा डिप्लोमा इंजिनिअर. गाणी लिहिणारी आणि गाणारी रोहिणी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याची, नगरला एम.ए. करणारी. कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत चार वर्षे वाजवल्यानंतर त्यांनी स्वतःचा पहिला अल्बम करायचे ठरवले होते. हर्षल सारखा म्हणे, "पहिला अल्बम पुन्हा करता येत नाही. एकदाच होतो तो."

हर्षलने एक नवा, महागडा माइक आणला होता. त्याचे कान फार तीक्ष्ण. रोहिणीचे गाणे तर त्याला ऐकू येईच, शिवाय दूधवाल्याची मोटारसायकल, शेजारच्या कोंबड्या आणि विहिरीवरची मोटरही ऐकू येई. तेव्हा कैफने मला जोडून पाहिले. माझ्या बाबतीत एक उणीव आहे. मला जवळचेच नीट ऐकू येते, लांबचे जवळजवळ नाहीच.

हर्षलने कानाला हेडफोन लावून ऐकले. मग म्हणाला, "कैफ्या, हा बहिरा आहे रे."

"मग ठेवू पेटीत?"

"नको. बहिरा आहे म्हणूनच चांगला आहे. हा फक्त रोहिणीला ऐकतोय."

माझ्या उणिवेला कोणी गुण म्हटल्याचा तो पहिला प्रसंग. त्या दिवसापासून रोहिणीचा आवाज माझ्याकडे आला.

रेकॉर्डिंगसाठी शांत जागा हवी होती. हर्षलची आत्या भागूबाई काष्टीतच, गावाबाहेरच्या वस्तीवर राहते. तिच्या कांद्याच्या चाळीचा मधला एक खण रिकामा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना, जाळीपलीकडे, उन्हाळ कांदा छातीइतका उंच भरलेला. कांद्याचा एवढा जाड ढीग दोन्हीकडून आवाज अडवील, असे हर्षलचे गणित होते आणि ते बरोबर ठरले. भागूबाईने जागा दिली ती एका अटीवर. "कांदा इकस्तोवर वाजवा काय वाजवायचं ते. माझ्या शेरडांचं दूध आटलं तर मात्र गाशा गुंडाळायचा."

ती दाराबाहेर शेंगा फोडत बसे. पहिले गाणे संपल्यावर तिने विचारले, "हे गानं हुतं का भांडन?"

"गाणंच आहे, आत्या," हर्षल म्हणाला.

"आन् भांडन असंल, तर चूक कुनाची ते तरी कळू द्या मानसाला."

कैफ इतका हसला की त्याच्या हातातली काठी ड्रमवर पडली. तो आवाज तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला अजून आहे. तो त्यांनी मुद्दाम वापरला.

चाळीच्या पुढच्या-मागच्या भिंती बांबूच्या पट्ट्यांच्या असतात आणि तळालाही फटी असतात. त्या फटींतून बाहेरचे आवाज आत येत. हर्षल रोज एक-एक फट शोधून आतून बंद करी. आधी बसायला म्हणून मागितलेल्या भागूबाईच्या गोधड्या आल्या, मग चाचांच्या मंडपातले गालिचे, शेवटी वरून ताडपत्री. चौदाव्या दिवशी बाहेरचे काहीही आत येईना. पेटीत अकरा वर्षे काढलेल्या मलाही इतकी शांतता परिचयाची नव्हती. एकोणीस दिवसांत नऊ गाणी झाली.

वास मला कळत नाही. परंतु त्याविषयीचे संभाषण मी ऐकले आहे. सोळाव्या दिवशी रोहिणी म्हणाली, "कसलातरी वास येतोय."

"कांद्याच्या चाळीत कांद्याचाच वास येणार," हर्षल म्हणाला, आणि विषय तिथेच संपला.

तो विसाव्या दिवशी भागूबाईने पुन्हा काढला. तिने दारातली ताडपत्री ओढली तो आवाज मला एखाद्या फटाक्यासारखा वाटला.

"आरं, कांदा हाय का मुडदा? गोधड्यांत गुंडाळून ठिवलाय! ह्याला वारा लागतो, एवढं बी ठावं न्हाई? इंजिनेर म्हनं!"

 मग कांदे चाचपल्याचा, ओले काहीतरी पिळल्यासारखा आवाज आला.

"बघ. हात घाल. हितं बी. हितं बी. समदा घामेजलाय."

खणाच्या दोन्ही बाजूंचा, जाळीजवळचा कांदा सडायला लागला होता. फटी हा चाळीचा दोष नसून तीच तिची रचना असते, हे तिघांपैकी एकालाही सुचले नव्हते. कैफचे घर मंडपवाल्यांचे, रोहिणीचे ऊसतोडणीचे, आणि हर्षलने कांदा फक्त ताटात पाहिलेला.

"आत्या, चुकलं," हर्षल म्हणाला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "सगळं माझंच चुकलं. माफ कर."

"माफी बास. निवडायला बस."

पुढचे तीन दिवस बँड कांदा निवडत होता. वस्तीवरच्या चार बायकाही मदतीला आल्या. मला खणातल्या खिळ्याला अडकवले होते. जोडलेला नसलो तरी मी ऐकतो. फक्त ते कोणापर्यंत पोचवत नाही. या अल्बमविषयीची सर्वांत महत्त्वाची चर्चा त्या तीन दिवसांत, कांदे सोलल्याच्या आवाजात झाली, म्हणून ती मी नीट सांगतो.

दहावे गाणे राहिले होते. ते गाणे असे होते. रोहिणीचे आईवडील, सविता आणि रामहरी, दर हंगामाला ऊसतोडीला जातात. रोहिणी सहा वर्षांची असताना ते पहिल्यांदा गेले, आणि तेव्हापासून ती आजोबांजवळ गावात राहिली. निघण्याच्या दिवशी टोळीचा ट्रॅक्टर हलला की सविता ट्रॉलीतून ओरडून सूचना देई. ल्हान्या डब्यात पीठ हाय. आतनं कडी घाल. शेरडाला पानी दाव. शाळा बुडवू नको. ट्रॅक्टर ऐकू येईनासा होईपर्यंत हे चाले, आणि मग सहा महिने घर शांत. रोहिणीने त्या सूचनांचेच गाणे केले होते. त्यात मध्ये एक जागा तिने मोकळी ठेवली होती, आईच्या आवाजासाठी.

"ती जागा तूच गा ना," हर्षल म्हणाला. "तुझा आवाज आईसारखाच आहे."

"मी गायले तर ते माझं सांगणं होईल. मी कोणाला काय सांगणार? मी ट्रॉलीत कधी बसलेच नाही."

"मग कारखान्यावर जाऊन रेकॉर्ड करू," कैफ म्हणाला. "मोटारसायकलवर जातो मी. लई लांब न्हाई सातारा."

"तिथं ती मला काहीच सांगत नाही. तिथं ती दमलेली असते. सांगणं फक्त निघतानाचं असतं, वर्षातून एकदा."

"आणि पुढच्या वर्षी?" हर्षलने विचारले.

रोहिणी म्हणाली, "आई यंदाचा शेवटचा हंगाम म्हणते. दर वर्षी म्हणते तसं. पण यंदा वडील पण म्हणतायत. गुडघे गेलेत त्यांचे. ती पुन्हा निघणारच नसेल तर चांगलंच आहे. मलाही तेच हवंय. फक्त मग हे सांगणं कुठंच राहणार नाही, हर्षल."

भागूबाई मध्येच म्हणाली, "टोळी कवा निघतीय?"

"बेस्तरवारी. ट्रॅक्टरवाला काष्टीचाच आहे. इथं तासभर थांबणार आहेत, भाकरी खायला. ते गेले की मी आजोबांकडे जाणार."

"मंग हितंच बोलीव आईला. कालवन मी करते."

सोमवारी भागूबाईने निवडलेला सगळा कांदा बाजारात पाठवला. चाळ रिकामी झाली. गोधड्या उन्हात गेल्या, फटी उघड्या पडल्या, आणि कोंबड्या, मोटर, रस्त्यावरचे ट्रक, सगळे पुन्हा आत आले. हर्षल म्हणाला, "इथं आता रेकॉर्डिंग होणार नाही." तरी गुरुवारी दुपारी त्याने मला जोडून ठेवले.

सविता तीनच्या सुमारास आली. तिच्या पायांतल्या जोडव्यांचा आवाज आधी आला, मग तिचा.

"हे तुमचं कॉलेज व्हय? बरं हाय की. वारं बी येतंय."

चहा झाला. हर्षलने तिला माझ्यासमोर बसवले. "काकू, नेहमीसारखं बोला. तुम्ही निघालाय आणि रोहिणीला सांगताय, असं समजा."

सविताने घसा साफ केला. मग म्हणाली, "माझे नाव सौभाग्यवती सविता रामहरी. राहणार खर्डा, तालुका जामखेड."

"आई, तहसीलमध्ये नाही बसलीस तू," रोहिणी म्हणाली. सगळे हसले, सविताही हसली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "रोहिणी बाळ, लहान डब्यामध्ये पीठ आहे." हा आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता. तो त्या बाईचा नव्हता, माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक माणसाचा होता. तिसऱ्यांदा ती मध्येच थांबली.

"न्हाई बया. ही मी न्हाई. तू बी समूर बसलीस, मी बी बसले. मंग वरडू कुनाला?"

"अगं, ओरडायचंच नाही. नुसतं सांग."

"नुसतं सांगायला आपन काय पाव्हने हाव का? ट्रॅक्टर हलल्याबिगर न्हाई यायचं मला. हलला की आपोआप येतं."

 बाहेर कोंबड्यांचे आणि मोटरीचे चालूच होते. टोळी निघायला अर्धा तास राहिला होता. आपले गालिचे परत न्यायला आलेले शमशेरचाचा तेव्हा दारात उभे असावेत, कारण आवाज तिकडून आला.

"रस्ता हितनं किती लांब हाय?"

"तीनशे फूट असेल, चाचा," हर्षल म्हणाला.

"माझ्याकडं वायर हाय तीनशे फूट. उरसाला लावायचो."

"पण चाचा, नव्या माइकला वायरीतून वीज लागते. तुमच्या मंडपाच्या वायरीतून ती जाणार नाही."

"नवा कशाला? हा हाय की. ह्याला इजबीज काय लागत न्हाई. बोलनारा मानूस असला की झालं."

"बहिरा आहे तो! चालत्या ट्रॅक्टरवरचं काय ऐकणार?"

सविता म्हणाली, "पोरा, तू माझा आवाज अजून ऐकला न्हाईस."

मग जे झाले ते मी पंधरा-वीस मिनिटे केवळ धावपळीच्या रूपाने ऐकले. कैफने घरून वायरीचे भेंडोळे आणले. चाचा तिचे वेढे सोडत, सांधे चिकटपट्टीने गुंडाळत आणि मुलाला ओरडत रस्त्याकडे गेले. "पायात घालू नको! बाजूनं, बाजूनं!" वाऱ्यासाठी माझ्या डोक्यावर कैफची लहानपणीची लोकरीची कानटोपी चढवली गेली. मला बांबूच्या टोकाला बांधून रस्त्याकडेला उभे केले. पेटीतल्या वर्षांनंतर मी प्रथमच उघड्यावर होतो. हर्षल चाळीतच, लॅपटॉपपाशी बसला होता. रोहिणी बांबूला टेकून उभी राहिली. तिचा श्वास मला स्पष्ट ऐकू येत होता.

"चला, चला," रामहरी लांबून म्हणाले, "मुकादम बोंबलतोय."

ट्रॅक्टर सुरू झाला, हलला. सविता काहीच बोलली नाही. मी मोजले नाही, पण ट्रॉलीची दोन्ही चाके रस्त्याच्या खड्ड्यातून गेल्याचे ऐकले, तरी ती बोलली नाही. रोहिणीचा श्वास थांबला होता. आणि मग आवाज आला.

"रोहे!"

एवढा मोठा आवाज मी लग्नातल्या सनईतून ऐकला असेल, माणसाकडून ऐकला नव्हता.

"रोहे! आज्याच्या गोळ्या संपल्यात! सोमवारी आन!"

"व्हय!" रोहिणी म्हणाली.

"पांढरी डबी! तांबडी न्हाई!"

"व्हय!"

"फारम भरला का परीक्षेचा?"

"व्हय, आई!"

"ल्हान्या डब्यात पीठ हाय! न्हाई, न्हाई! पीठ आमीच आनलंय! दळून आन! आजच आन!"

"व्हय!"

"आन् त्या पोराला म्हनावं, आत्याच्या कांद्याचं केलं ते केलं! आता माझ्या पोरीच्या परीक्षेचं करू नको!"

शेजारी चाचा खोकल्यासारखे हसले. ट्रॅक्टर लांब गेला. शब्द गळू लागले. आधी व्यंजने गेली, मग फक्त चढ-उतार राहिले, मग एकदा 'रोहे' एवढेच आले. त्यानंतर मला वाऱ्याखेरीज काही ऐकू आले नाही.

रोहिणी मात्र बोलत होती. "व्हय," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "व्हय." मग हळू, "व्हय, आई." आणखी थोड्या वेळाने एकदा. मला वाटते, ती त्या वेळी रेकॉर्डिंग विसरलेली होती. चाचांनी मला बांबूवरून काढण्याची घाई केली नाही, हे त्यांचे माझ्यावरचे आणि तिच्यावरचेही उपकार आहेत.

ते ध्वनिमुद्रण तांत्रिकदृष्ट्या सदोष आहे, हे मान्य केले पाहिजे. वायर लांब असल्यामुळे त्यात बारीक गुणगुण आहे. कानटोपीमुळे आवाज थोडा जाड झाला आहे. हर्षलने ते चाळीत बसून सलग चार वेळा ऐकले आणि म्हणाला, "यात मी काहीही दुरुस्त करणार नाही."

तरी दोन गोष्टी बाकी होत्या. पहिली, परवानगी. तिसऱ्या दिवशी रोहिणीने कारखान्यावर फोन लावून आईला ते ऐकवले. फोन स्पीकरवर होता. पलीकडे बायकांचे हसणे आणि त्यात सविताचा प्रश्न, "एवढी वरडते व्हय मी?"

"ठेवू का, आई? सगळे लोक ऐकतील."

"ऐकू दे की. खोटं काय बोलले मी? पन ते गोळ्यांचं काढ. आज्याला लाज वाटंल."

म्हणून गोळ्यांचे आणि डबीचे वाक्य काढले आहे. गाण्यात तिथे एक लहानसा धक्का बसतो, तो त्याचा आहे.

दुसरी गोष्ट नावाची. अल्बमचे नाव 'डब्यात पीठ आहे' असे हर्षलने ठरवून चित्रही काढून घेतले होते. कैफ म्हणाला, "पन आईच म्हनतीय, पीठ न्हाई म्हनून." बराच वाद झाला. हर्षलचे म्हणणे, चित्र वाया जाईल. कैफचे म्हणणे, डबा तोच ठेव, झाकण उघडं दाखव. शेवटी नाव 'पीठ दळून आण' असे झाले. ते 'आन' लिहावे की 'आण', यावर रोहिणीने मुळीच वाद होऊ दिला नाही. "आवाजात आहे ना तिचं? मग मुखपृष्ठावर माझं शिक्षण दिसू दे," असे ती हसत म्हणाली.

अल्बम माघ महिन्यात प्रसिद्ध झाला. आता मी पेटीत राहत नाही. शमशेरचाचांच्या दुकानातल्या फळीवर, वायरीच्या भेंडोळ्याशेजारी माझी जागा आहे. कोणी नवे गिऱ्हाईक आले की चाचा मला दाखवतात आणि कोणी न विचारता सांगतात, "हा भाड्यानं न्हाई." माझ्या जाळीला आता गंज धरतो आहे आणि पावसाळ्यात माझा आवाज बसतो. किती वर्षे ऐकू येईल, याविषयी मी काही अंदाज करू इच्छित नाही. एक विनंती मात्र आहे. माझ्यासारखा कोणी हाती आला तर त्याच्यात फुंकर मारू नका. नुसते नाव घ्या. तेवढे पुरते.

गेल्या महिन्यात नगरच्या एका महाविद्यालयात 'कोरडवाहू'ला अल्बमविषयी बोलायला बोलावले होते. सभागृहात नवे माइक होते, तरी कैफने मला नेले आणि प्रश्न विचारण्यासाठी मुलांमध्ये फिरवले. जवळपास प्रत्येकाने फुंकर मारली.

हर्षलने कांद्याची चूक स्वतः सांगितली, काहीही न लपवता. पहिल्या रांगेतून भागूबाईचा आवाज आला, "गोधड्या अजून वासत्यात!" टाळ्या बराच वेळ चालल्या. कैफ वायरीविषयी बोलला आणि वडिलांना उभे राहायला लावले. ते उभे राहिले असावेत, कारण पुन्हा टाळ्या झाल्या.

मग एका मुलीने मला हातात घेतले. तिने फुंकले नाही. तिच्या बोलण्यात जामखेडकडचा हेल होता.

"ताई, शेवटच्या गाण्यात आईंचा आवाज संपल्यावर सतरा सेकंद काहीच नाही. नुसतं तुमचं 'व्हय, व्हय' आहे. ते चुकून राहिलंय का?"

"मी काढायला सांगितलं होतं," हर्षल म्हणाला. "ही ऐकली नाही."

"ते चुकून नाही राहिलं," रोहिणी म्हणाली. "आई बोलत होती तेव्हा. माइकला ऐकू आलं नाही. मला आलं."

"काय म्हणाल्या त्या?"

रोहिणी थोडी हसली. हसण्याचा आवाज मी ओळखतो. "ते अल्बममध्ये नाही," ती म्हणाली.

 ती मुलगी मला तोंडाजवळ धरून तशीच उभी राहिली, आणि थोड्या वेळाने, सभागृहात कोणालाही उद्देशून नव्हे, अगदी हळू म्हणाली, "माझी बी आई गेलीय तोडीला."

ते मात्र मला अगदी स्पष्ट ऐकू आले, आणि मी ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवले.